चिकणमाती आणि खारे पाणी

किहीमच्या किनाऱ्यापासून उत्तरेला सरळ रेषेत सुमारे 30 किलोमीटरवर ट्रॉम्बे आहे. भारताची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' तेथे 1956 साली सुरू झाली. अणुभट्टी आली की किरणोत्सर्गी कचराही आलाच. तीव्र कचरा आपल्याकडे काचेत वितळवून बंदिस्त करतात. मात्र सौम्य किरणोत्सर्ग असलेले पाणी गाळण्यासाठी चिकणमातीसारख्या स्वस्त खनिजांवर जगभर संशोधन चालू आहे. त्याचे स्वागत करताना आपण काही प्रश्नही विचारले पाहिजेत, असे मला वाटते.

माती किरणोत्सर्ग नष्ट करीत नाही, हे प्रथम ध्यानात घ्या. सीझियम-137 चे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षे आहे. 300 वर्षांत ते दहा वेळा निम्मे होऊन साधारण हजारावा भाग उरते. तोवर त्याला एका जागी अडकवून ठेवणे एवढेच मातीचे काम.

ती हे कसे करते? काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. थरातील काही अ‍ॅल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतल्यामुळे थरावर ऋणभार येतो. म्हणून थरांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन बसलेले असतात. सीझियम आले की ते यांना उठवून स्वतः ती जागा घेते.

पण आयोडाइड हा आयन ऋणभारित असतो. त्याला माती दूर लोटते. यासाठी शास्त्रज्ञ लांब साखळीचे सेंद्रिय धनभारित आयन थरांत घालून मातीचा स्वभावच पालटतात. मूळ फरक शाळेतही पाहता येईल. मातीच्या एका थरातून मेथिलीन ब्ल्यूचे व दुसऱ्यातून इओसिनचे विरळ द्रावण ओता. धनभारित निळा रंग मातीत अडकेल, ऋणभारित तांबडा बराचसा खाली उतरेल.

आता माझा मुद्दा. "या मातीने जवळजवळ सर्व सीझियम शोषले," असे वाचले की विचारावे : कोणत्या पाण्यातले? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम जवळजवळ 11 ग्रॅम आणि सीझियमशी गुणधर्मांनी मिळतेजुळते पोटॅशियम 0.4 ग्रॅम. या गर्दीत मूठभर सीझियमला जागा मिळणे कठीण! 2011 साली फुकुशिमा येथे तापलेल्या अणुभट्ट्यांवर समुद्राचेच पाणी ओतावे लागले होते. आपलीही तारापूर आणि कल्पाक्कम ही अणुकेंद्रे समुद्रकाठीच आहेत. तेव्हा ऊर्ध्वपातित पाण्यातील यश आपल्याला पुरेसे नाही.

यासाठी किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्याचीही गरज नाही. साधे सीझियम-133 रासायनिकदृष्ट्या अगदी तसेच वागते. किहीमचे पाणी आणि देशावरची काळी माती घेऊन किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी हे प्रयोग हाती घ्यावेत.

आणखी दोन प्रश्न विचारण्यास विसरू नका. माती सीझियमला किती काळ धरून ठेवील? आणि भरून गेलेली ती माती, जी आता स्वतःच कचरा झाली आहे, ठेवायची कोठे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच उपाय पूर्ण झाला असे म्हणता येईल.