पत्र कोणी उघडायचे?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा तो निकाल. अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण नागरिकाचा ई-मेल उघडण्याची परवानगी आजही न्यायालय देत नाही. ती गृहखाते देते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आणि त्याखालचे २००९चे नियम पाहा. गृहसचिवांची सही झाली की पत्रव्यवहार वाचता येतो. आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेल्यास १८० दिवसांचा. सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. फेरविचारासाठी समिती आहे, पण तिच्यावर सचिवच बसतात. मागणारे सरकार, देणारे सरकार आणि तपासणारेही सरकारच. ज्याची पत्रे वाचली गेली, त्याला तसे कळवण्याची तरतूदच नाही. हा साचा टेलिफोन टॅपिंगवरच्या १९९६च्या निकालातून आला. तेव्हा माणसाचे व्यवहार, आजार, राजकीय मते असे सगळे एकाच खात्यात साठत नव्हते.

मजकूर कूटबद्ध केला की झाले, असेही नाही. कोणी, कोणाला, किती वाजता लिहिले हे पत्राच्या शीर्षभागात राहतेच, बहुतेक वेळा विषयाची ओळही उघडी असते. बातमीदाराला माहिती पुरवणारा कारकून सापडायला तेवढे पुरते.

निनावीपणाची गरज फक्त गुन्हेगाराला असते, असे मानणाऱ्यांनी सत्येंद्र दुबे यांना आठवावे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरप्रकारांची तक्रार थेट पंतप्रधानांकडे केली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट सरकारी टेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. खटल्यात ती लुटीसाठीची हत्या ठरली. तरीही विश्वासाने सोपवलेले नाव सरकारनेच उघडे केले, हे त्यामुळे पुसले जात नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४मध्ये संमत झाला, पण अजून लागू नाही. शिवाय निनावी तक्रारीची दखल त्यातही घेतलेली नाही.

दहशतवादी कटाचा तपास करणाऱ्यांचे हात बांधा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी संशयाची कारणे न्यायाधीशापुढे मांडावीत, घाई असेल तर आधी कारवाई करून नंतर मांडावीत. तपास संपल्यावर संबंधिताला कळवावे आणि वर्षभरात किती आदेश निघाले याचा आकडा संसदेपुढे ठेवावा. कलम ६९मध्ये ही दुरुस्ती करायला संसदेला एक अधिवेशन पुरेल. आपल्या खासदाराला एवढे एक पत्र प्रत्येक वाचकाने जरूर लिहावे, आणि तेही स्वतःच्या नावानिशी.