सावधान, विश्राम आणि 'आराम से'

ड्रिलमध्ये आपण तीन हुकूम शिकतो: सावधान, विश्राम आणि आराम से. पहिले दोन दिवसातून शंभर वेळा कानावर पडतात, तिसरा क्वचितच. माझं म्हणणं एवढंच आहे की हा तिसरा हुकूम शरीरालाही शिकवावा लागतो आणि त्यासाठी आपल्या टाइमटेबलमध्ये जागा हवी.

मला हे लखनौला कळलं. पप्पांचं पोस्टिंग तिथल्या छावणीत आहे, म्हणून मे महिन्याची सुट्टी मी तिकडेच काढली. त्याआधी पप्पा फील्ड एरियात होते. तिथलं ते फारसं सांगत नाहीत. एका रात्री क्वार्टरमागच्या रस्त्याने बारात गेली आणि फटाके वाजले. जेवता जेवता पप्पांचा हात थांबला, खांदे वर चढले. नंतर ते कूलरसमोर चटई टाकून उताणे पडले. पायाची बोटं घट्ट आवळायची, पाचपर्यंत मोजायचं आणि एकदम सोडून द्यायचं. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी जबडा. मीही शेजारी आडवा झालो. मांड्या सैल सोडताच माझा पाय थरथरायला लागला. मी उठणार, तेवढ्यात पप्पा म्हणाले, "थरथरू दे रे. पाय दमलाय, घाबरलेला नाही." (हे सगळं त्यांना विचारूनच लिहितोय.)

पण माझा पाय घाबरलेलाही होता. गेल्या टर्ममध्ये मी ऑब्स्टॅकल कोर्सवर दोरावरून पडलो. हाड मोडलं नाही, म्हणून 'काही झालं नाही' असं ठरलं. मीही तसंच म्हणालो. पण त्यानंतर दोरापाशी गेलो की हात लाकडासारखे व्हायचे. रात्री मी झोपेत दात खातो, असं शेजारच्या बेडवरचा मित्र सांगायचा. मी कुणाला बोललो नाही. इथे कोण बोलतं?

संकट आलं की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं आणि स्नायू ताठ होतात. पळायला किंवा लढायला ते लागतंच. अडचण नंतर येते. संकट संपतं, पण काही वेळा शरीर सावधानमध्येच उभं राहतं. 'घाबरू नकोस' असं त्याला सांगून उपयोग होत नाही. त्याला स्नायूंच्या आणि श्वासाच्या भाषेत सांगावं लागतं.

पप्पा करतात त्या व्यायामाची पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1929 साली आलं. आपल्याकडे शवासन तर हठप्रदीपिकेपासून आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन करायला लावलं. 1969 साली ते निष्कर्ष छापून आले. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला होता, त्यात औषध न घेणारेही होते. हा अभ्यास भीतीवरचा नव्हता, हे मला मान्य आहे. पण नुसतं नीट पडून राहण्याने शरीरात मोजता येईल असा फरक पडतो, हे त्यातून दिसतं.

21 जून 2017 रोजी लखनौच्या रमाबाई आंबेडकर मैदानावर पंतप्रधानांसह हजारो लोकांनी भर पावसात योग केला. आपणही दर 21 जूनला ग्राउंडवर योग करतो. ताडासन, वृक्षासन अगदी एका रेषेत. पण शवासनाची वेळ येते तेव्हा नाश्त्याची घंटा जवळ आलेली असते. आपल्याला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे, तेच आपण कापतो.

कुणी म्हणेल, फौजी व्हायचंय आणि असले लाड कशाला? मला वाटतं, रायफल साफ करणं हा लाड नाही, तसा हाही नाही. फायरिंगनंतर आपण रायफल तशीच रॅकमध्ये ठेवत नाही.

मात्र हे सगळ्यावरचं औषध नाही. डेव्हिड बर्सेली नावाच्या अमेरिकन माणसाने मुद्दाम थरथर आणण्याचे व्यायाम तयार केले आहेत. त्यांचे व्हिडिओ बघून कुणी डॉर्मिटरीत प्रयोग करू नयेत. जुनी भीती एकदम वर आली तर शेजारी जाणकार माणूस हवा. ज्याला पुन्हा पुन्हा वाईट स्वप्नं पडतात किंवा झोपच लागत नाही, त्याने एम.आय. रूममध्ये किंवा समुपदेशकांकडे जावं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 सुद्धा आहे.

सुट्टीनंतर मी रोज रात्री दहा मिनिटं हा व्यायाम करतो. दात खाणं कमी झालंय, असं मित्र सांगतो. दोरावर मी गेल्या आठवड्यात वरपर्यंत पोहोचलो. हात थरथरत होते, तरी पोहोचलो.

म्हणून उस्तादांना आणि हाऊसमास्टर सरांना माझी विनंती आहे: लाइट्स आऊटच्या आधी दहा मिनिटं सगळ्या हाऊसला एकत्र हा व्यायाम द्या. एकट्याने केला तर लाज वाटते. सगळ्यांना हुकूम मिळाला तर कुणालाच वाटणार नाही.