तिसऱ्या गर्भपाताची वाट कशाला पाहायची?

दोनदा पोट पडलेल्या बाईला म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या गावी मिळणारा सल्ला ठरलेला असतो. वय लहान आहे, राहतील पुन्हा दिवस, मनाला लावून घेऊ नकोस. सल्ला मायेने दिलेला असतो आणि बहुतेक वेळा खराही ठरतो. अडचण तिथेच आहे. ज्या थोड्या जणींच्या बाबतीत तो खरा ठरत नाही, त्यांची दोन-तीन वर्षे आणि आणखी एक गर्भ या वाट पाहण्यात जातो. त्यातल्या काहींचे कारण रक्ताच्या साध्या तपासणीत कळण्यासारखे असते.

तीन हा आकडा जुन्या वैद्यकीय नियमातून आला. लागोपाठ तीन गर्भपात झाले की मगच तपासण्या करायच्या, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने आणि पुढे युरोपातील संघटनेने हा आकडा दोनवर आणला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने व्याख्येत तीन कायम ठेवले. पण २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, शंका असेल तर दोननंतरही तपासणीची मुभा डॉक्टरांना दिली. आपल्याकडे दोननंतर तपासणी हाच नियम धरायला हवा. एक गर्भपात ही फार मोठ्या संख्येने घडणारी गोष्ट आहे. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १५ टक्के अशा संपतात. दोन गर्भपात मात्र शंभरात सुमारे दोघींनाच होतात आणि तीन किंवा अधिक शंभरात एकीलाही नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०२१ साली आलेल्या लेखमालेतले हे आकडे आहेत. म्हणजे पहिल्याला योगायोग म्हणता येते, दुसऱ्याला तितक्या सहजपणे नाही.

काही जणींनी तर दुसऱ्याचीही वाट पाहू नये. दहा आठवडे उलटून गेल्यावर, बाळाचे ठोके दिसलेले असताना गर्भ गेला असेल; चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येता गर्भ पडला असेल; किंवा वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर एकदाच झाले तरी तज्ज्ञाला दाखवणे योग्य. वयाचा भाग नीट समजून घ्यावा. नॉर्वेतील चार लाखांहून अधिक गर्भधारणांच्या अभ्यासात २५ ते २९ वयाच्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण सर्वांत कमी, १० टक्के होते. पंचेचाळिशीनंतर ते निम्म्याच्या वर गेले.

इथे भाषेचीही एक अडचण आहे. मराठीत आपोआप पडलेला आणि मुद्दाम पाडलेला, दोन्हींना 'गर्भपात' हाच शब्द. डॉक्टरांच्या कागदावरही दोन्हींना 'अबॉर्शन' म्हणतात. तो कागद घरात कोणी वाचला की सुनेने काहीतरी केले असेल, ही कुजबुज सुरू होते. जड उचलले, एसटीने गेली, कोणाची नजर लागली, हे त्याच्या जोडीला असतेच. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडतो त्यातल्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असतो. त्यात घागर उचलण्याचा किंवा माणगावच्या एसटीचा काही संबंध नसतो.

मग तपासायचे काय? यादी बाजारात सांगतात तितकी लांब नाही. सर्वांत महत्त्वाची तपासणी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची. या विकारात रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते आणि गर्भ टिकत नाही. तपासणी एकदा करून भागत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा करून दोन्हीदा दोष आढळला, तरच निदान पक्के धरतात. उपचारही माहितीचे आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील ९० स्त्रियांच्या चाचणीत नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, तर जोडीला हेपारिनची इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना. तिसऱ्या गर्भपातापर्यंत थांबण्याची किंमत काय, ते या दोन आकड्यांवरून कळते.

त्याखेरीज थायरॉइड, मधुमेहाची शंका असेल तर साखर, आणि गर्भपिशवीचा आकार पाहण्यासाठी सोनोग्राफी, शक्य असल्यास थ्री-डी. पिशवीत पडदा निघाला तर मात्र लगेच शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. पडदा काढल्याने मूल होण्याची शक्यता वाढते, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसले नाही. नवरा-बायकोच्या गुणसूत्रांची तपासणी महाग असते. ती सरसकट सगळ्यांना लागत नाही, डॉक्टरांनी इतिहास पाहून ठरवावी.

'टॉर्च' नावाची जंतुसंसर्गाची तपासणी आपल्याकडे गर्भपातानंतर सर्रास लिहून दिली जाते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण शोधण्यासाठी तिचा उपयोग नाही. नवऱ्याच्या रक्तातील पेशी बायकोला टोचण्याचा उपचारही अजून अधूनमधून सुचवला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो संशोधनाबाहेर वापरायला २००२ सालीच मनाई केली. हजारो रुपयांचे 'पॅकेज' कोणी समोर ठेवले, तर त्यातली प्रत्येक तपासणी कशासाठी आणि दोष निघाला तर पुढे काय करणार, हे विचारावे. उत्तर नसेल तर ती तपासणी करू नये.

आयव्हीएफचेही तसेच. या बायकांना दिवस राहतात, ते टिकत नाहीत. आयव्हीएफ मुख्यतः दिवस न राहणाऱ्यांसाठी आहे. तरीही दोन गर्भपातांनंतर कोणीतरी पनवेल-वाशीच्या टेस्ट ट्यूब सेंटरचा पत्ता हातात ठेवते आणि दागिने मोडायची भाषा सुरू होते. आधी कारण शोधावे. नळ्या बंद असणे, शुक्राणूंची मोठी कमतरता किंवा गुणसूत्रांतला ठरावीक दोष अशी वेगळी अडचण निघाली, तर तो विचार करावा.

म्हसळ्याच्या बाईला यात खरा खर्च पडतो तो प्रवासाचा. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, माणगावला उपजिल्हा रुग्णालय, अलिबागला जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. थायरॉइड, साखर आणि साधी सोनोग्राफी यांसाठी आधी जवळ विचारावे. अँटीफॉस्फोलिपिडसारखी तपासणी मुंबईत परळला केईएमच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीसारख्या ठिकाणी समजून करता येते; रक्त गोठण्याचे विकार आणि गर्भपात यांचा संबंध या संस्थेने भारतीय स्त्रियांमध्ये अभ्यासला आहे. मुंबईची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि कोणाच्या तरी खोलीवर मुक्काम. म्हणून जवळच्या तपासण्या उरकून, सगळे कागद एका पिशवीत घालूनच पुढे जावे. प्रत्येक वेळी किती आठवडे झाले होते, सोनोग्राफीत ठोके दिसले होते का, पिशवी साफ करावी लागली का, एवढे तारखांसह लिहून नेले तरी तज्ज्ञाचे अर्धे काम होते.

आणि नवरा आखातात असेल तर? या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे. कोणी दुबई-कुवेतला, कोणी जहाजावर, कोणी मुंबईत. तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर येतो तेव्हाच सगळे करायचे, असे घरात ठरते. त्या दोन महिन्यांत बारा आठवड्यांच्या अंतराची तपासणी बसत नाही. शिवाय सुट्टी फुकट जाऊ नये म्हणून घाईघाईत पुन्हा दिवस राहतात. वास्तविक बाईच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या दिवस नसतानाच करायच्या असतात. तो परदेशी असतानाचे महिने त्यासाठी अगदी सोयीचे. त्याची लागलीच तर एकदा रक्त देण्यापुरती गरज लागते. सासूबाईंना हे पटवणे अवघड असेल, पण ते काम सुनेवर न सोडता मुलाने फोनवरून करावे.

सरकारी यंत्रणेचा दोष यात लहान नाही. आपली माता आरोग्याची सगळी व्यवस्था पोटात बाळ असलेल्या बाईभोवती उभी आहे. आशाताईच्या वहीत नोंद होते ती गरोदर झाल्यावर. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी २०१६ पासून सुरू आहे, ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. जिचा गर्भ दोन-अडीच महिन्यांतच जातो, ती त्या तारखेपर्यंत पोहोचतच नाही. गर्भपात झाला की नोंद बंद होते आणि बाई घरी जाते. यावर उपाय खर्चिक नाही. गर्भपातानंतर घरी सोडताना सहा आठवड्यांनी परत येण्याची तारीख द्यावी, आणि हा दुसरा असेल तर माणगाव किंवा अलिबागच्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी. रायगड जिल्ह्याला हे वरून आदेश येण्याआधीही करता येईल.

तपासण्या करूनही निम्म्या जोडप्यांत काही सापडत नाही. तेव्हा घरात निराशा पसरते, पण ती बातमी वाईट नसते. कारण न सापडलेल्या ८३६ स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात औषधाऐवजी नुसती बिनऔषधी गोळी वापरलेल्यांपैकीही ६३ टक्के स्त्रियांना मूल झाले. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांचा आकडा ६६च्या आसपास होता, म्हणजे फरक नगण्य. मात्र आधी गर्भपात झालेले असताना पुन्हा दिवस राहिले आणि सुरुवातीलाच रक्त दिसले, तर प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होताना दिसतो; २०१९च्या मोठ्या चाचणीत आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या गटात ७२ टक्के स्त्रियांना मूल झाले, औषध न मिळालेल्यांत ५७ टक्के. म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकली की घरीच चाचणी करावी, फॉलिक ॲसिड आधीपासूनच सुरू असावे, सहा-सात आठवड्यांना पहिली सोनोग्राफी करावी. रक्ताचा डाग दिसला तर सकाळपर्यंत न थांबता डॉक्टरांना फोन करावा. गर्भ पुन्हा गेलाच, तर पिशवी साफ करण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवावे, की गुणसूत्रांच्या तपासणीसाठी तुकडा पाठवता येईल का. तो सलाइनमध्ये ठेवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये घातला की पेशी मरतात आणि ती तपासणी करणे अवघड होते.