सहलीची मोटार

आषाढ सरून श्रावण लागला कीं आमच्या संभाजीनगरांत घरोघरीं सहलीचे बेत शिजूं लागतात. म्हैसमाळचें धुकें, वेरुळच्या कड्यावरून कोसळणारें पाणी, अजिंठ्याची भरून वाहणारी वाघूर, कन्नडच्या घाटांतील हिरवळ, हें सारें मोटारीमुळें एका दिवसाच्या टप्प्यांत आलें आहे. एकत्र कुटुंबांत तर मोटार घेण्याचा विषय बहुधा अशा सहलींच्या निमित्तानेंच निघतो. मग जी चर्चा चालते ती लिटरमागें किती किलोमीटर पळते, पांच वर्षांनीं विकल्यास काय येईल आणि मागें आणखी दोन मुलें दाटीनें बसतील कीं नाहीं, एवढ्यांत आटोपते. मोटार खात्रीची म्हणजे वाटेंत बंद न पडणारी, असा सर्वांचा समज असतो. आमच्या मतें हा समज फारच अपुरा आहे.

कन्नडच्या घाटाचेंच पाहा. यास औट्रम घाट असेंहि म्हणतात. येथून आमचा जिल्हा खानदेशांत उतरतो, आणि पायथ्याच्या पाटण गांवीं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे, हें फारच थोड्या सहलकऱ्यांस ठाऊक असतें. असो. 2021 सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस एका रात्रींत येथें असा पाऊस झाला कीं घाटांत ठिकठिकाणीं दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली, वाहनें वाटेंतच अडकलीं आणि खालीं चाळीसगांवांत तितूर व डोंगरी या नद्यांचें पाणी शिरलें. अडकलेल्या वाहनांत नवें कोणतें व जुनें कोणतें हा भेद दरडीनें केला नाहीं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल वाहून गेला, तेव्हां त्यावरून जाणाऱ्या एस्. टी. गाड्यांत कांहीं बिघाड नव्हता. 30 जून 2024 रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, ते तर मोटारींतून उतरून पाण्यांत उभे होते. डोंगरावर पडलेला पाऊस खालच्या माणसास दिसत नाहीं. त्याला दिसतें तें एकाएकीं चढणारें पाणी.

उंच मोटार घेतली म्हणजे ओढ्यांतून निभावून जातां येतें, ही समजूत अलीकडे फार पसरली आहे. येथें शाळेंतील गणित उपयोगी पडतें. चार मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद अशा मोटारीच्या तळाचें क्षेत्रफळ सात चौरस मीटर होतें. पाणी त्या तळाच्या वर 10 सेंटीमीटर चढलें कीं सुमारें 700 किलो भार पाण्यानें उचलला. मोटारीचें एकंदर वजन हजार-बाराशें किलो. म्हणजे आणखी सहा-सात सेंटीमीटर पाणी चढलें, आणि आंत पाणी शिरण्यापूर्वींच चाकें जमीन सोडूं लागतात. त्यानंतर हांकणाऱ्याच्या हातीं सुकाणूं राहतें, पण दिशा प्रवाहाच्या हातीं जाते. उंच गाडी हा प्रसंग थोडा लांबवते, टाळीत मात्र नाहीं. इंजिन पाण्यांत बंद पडलें तर तें पुनः चालूं करण्याचा यत्नहि करूं नये. हवेबरोबर पाणी आंत गेलेलें असल्यास तें दाबलें जात नाहीं आणि आंतील दांडे वांकतात.

मग मोटार निवडावी तरी कशी? आमच्या हिशेबीं पहिला प्रश्न असा, कीं घरांतील जितकीं माणसें सहलीस निघणार तितके पट्टे गाडींत आहेत काय? आजीच्या मांडीवर नातवंड बसविण्याची आपली चाल मोठी प्रेमाची खरी, परंतु ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरांत थांबली तर 10 किलोचें मूल हातांस सुमारें 200 किलोच्या ओढीनें हिसका देतें. कोणत्या आजीचे हात तें धरूं शकतील? लहान मुलांसाठीं वेगळें आसन मिळतें, तें घ्यावें. दागिन्यांपेक्षां स्वस्त पडतें. मागें बसणारांनीं पट्टा बांधावयाचा नसतो, हाहि एक रूढ भ्रम आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. गाडी परदेशी व भारी किंमतीची होती. पुढील दोघे वांचले. मागील दोघे, ज्यांनीं पट्टे बांधले नव्हते, दगावले.

दुसरें असें, कीं 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्या देशांत भारत एन्‌कॅप ही मोटारी आदळून पाहण्याची परीक्षा सुरू झाली आहे. तींत प्रौढांसाठीं व मुलांसाठीं वेगवेगळे तारे देतात. दुकानदार प्रौढांचे तारे सांगून थांबतो. घरांत नातवंडें असतील तर मुलांचे आधीं विचारावे. जुनी मोटार घेणारांनीं टायरच्या बाजूवरील चार आंकडे वाचावे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली असेल तर तें टायर कायद्यानेंहि बाद ठरतें, आणि ओल्या घाटांत तर त्याच्या बऱ्याच आधीं.

घाट उतरतांना, जो गिअर चढतांना लागला असता तोच ठेवावा. नुसत्या ब्रेकवर उतरल्यास ते तापून निकामी होतात. विजा कडाडूं लागल्या तर झाडाखालीं न धांवतां कांचा चढवून मोटारींतच बसावें. पुणें येथील संस्थेनें केलेलें 'दामिनी' हें विजेची सूचना देणारें साधन मोबाईलवर असूं द्यावें.

आतां एक गोष्ट घरांतील वडीलमंडळींसाठीं, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. हवामान खात्याचा लाल इशारा आला असतांहि पुष्कळ घरें निघतात, कारण खोल्यांचे पैसे आगाऊ भरलेले असतात आणि बेत थोरल्या काकांनीं ठरविलेला असतो. मागल्या आसनावरील सुनेला पुढचें पाणी भयंकर दिसत असतें, मोटार हांकणाऱ्या पुतण्याच्या डोळ्यांवर झोंप असते. पण वडिलांपुढें बोलावें कसें? म्हणून निघण्यापूर्वींच, चहाच्या वेळीं, थोरल्यांनीं सर्वांदेखत सांगून टाकावें, कीं वाटेंत कोणींहि 'परत फिरूं या' म्हटलें तर मोटार परत फिरेल आणि मागाहून कोणी त्याची थट्टा करणार नाहीं. खोल्यांचे पैसे बुडाले तर ते थोरल्यांच्या खात्यावर. पितळखोऱ्याचीं लेणीं मार्गशीर्षांत पाहिलीं तरी चालतें. तेव्हां वाट कोरडी असते, आणि उतरणीच्या पायऱ्यांवर वृद्धांनाहि नीट पाऊल टाकतां येतें.