उसनी चाल, स्वतःचे शब्द

गणपतीत रोहा तालुक्यातल्या खांबपासून खाली रत्नागिरीपर्यंत, मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांच्या गावांत जाखडीच्या रात्री रंगतात. मध्ये ढोलकी, झांज आणि शाहीर; भोवती पायात चाळ बांधून नाचणाऱ्यांचा गोल. गण होतो, गौळण होते, मग शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष एकमेकांना सवाल टाकतात. पुराणातला अडचणीचा प्रश्न विचारायचा आणि समोरचा अडखळला की टोमणा हाणायचा. कित्येकदा हे सारे गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर चालते. पहिल्याच ओळीत मंडपाला चाल ओळखू येते, शब्द मात्र भलतेच निघतात आणि हशा पिकतो.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. जुन्या चाली मागे पडतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण उसनी चाल म्हणजे उसनी कला, हे काही पटत नाही. अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या वाचकांनी असेच एक गाणे जोपासले आहे. त्याला ‘फिल्क’ म्हणतात. १९५०च्या दशकात एका लेखात ‘फोक’चे चुकून ‘फिल्क’ टंकले गेले आणि मंडळींनी तेच नाव उचलले. त्यांच्या संमेलनाचा दिवस संपला की हॉटेलातल्या एखाद्या खोलीत गिटारी निघतात, लोक गोल बसतात. पाळी आली की गावे, दुसऱ्याला गायला सांगावे किंवा पाळी पुढे सोडावी. विषय अंतराळयानांचे, आवडत्या कादंबऱ्यांचे, नाहीतर घरच्या मांजराचे. चाली काहींच्या स्वतःच्या, पण पुष्कळदा जुन्या लोकगीतांच्या. ओहायोतल्या फिल्क मेळाव्यात १९८४पासून पेगासस पुरस्कारही दिले जातात. गाणारे बहुतेक हौशी, पोटापाण्याचा धंदा वेगळा. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात पाळी करून रात्री चाळ बांधणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दोन्हीकडे गंमत ऐकणाऱ्याच्या भरवशावर उभी असते. त्याला मूळ गाणे ठाऊक हवे आणि नव्या शब्दांतला विषयही. सवालातली पुराणकथा ज्याने ऐकलेली नाही, त्याला जवाबातली मेख कळत नाही. कादंबरी न वाचलेला माणूस फिल्कच्या खोलीत तसाच कोरा बसतो.

फिल्कवाल्यांची एक शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. गाण्याच्या कागदावर ते मूळ चालीचे नाव लिहितात. आपल्याला ही शिस्त नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) लिहिताना लावणी, कीर्तन, कानडी पदे, जिथून मिळाल्या तिथून चाली घेतल्या; आणि त्या काळच्या छापील नाट्यपदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ पदाचा उल्लेख असे.

आज याची गरज वाढली आहे. मंडपातले गाणे पूर्वी मंडपातच संपायचे; आता सकाळपर्यंत ते यूट्यूबवर असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत यांचे हक्क वेगळे आहेत. धार्मिक समारंभातल्या गायनाला त्यात सूट आहे. विडंबनासाठी मात्र वेगळे कलम नाही. संगीतकाराचे नाव घेतले म्हणून परवानगी मिळते असेही नाही, पण निदान श्रेय तरी जागेवर जाते. शाहीर गुरूचे आणि घराण्याचे नाव घेतोच. चाल कुणाची, हेही त्याच दमात सांगता येईल आणि व्हिडिओखाली एका ओळीत लिहिता येईल.