बिल्ल्यावरचा आकडा आणि भिंतीवरचा आकडा

युरोपातील जुन्या रणभूमींवर आजही मातीतून एखादा लंबगोल धातूचा बिल्ला वर येतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकाच्या गळ्यातला हा ओळखबिल्ला. त्यावर नाव नसते. तुकडीची खूण, क्रमांक, बहुधा रक्तगट, एवढेच. मधोमध छिद्रांची रेघ असते. सैनिक पडला की अर्धा तुकडा देहाबरोबर राही, उरलेला मोडून कचेरीकडे जाई. तो क्रमांक बर्लिनच्या याद्यांशी ताडला की आजही नाव हाती लागू शकते. २०१९पासून या याद्या जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत. म्हणजे एका पराभूत, कलंकित राजवटीच्या शिपायालाही आकड्याकडून नावाकडे परतण्याची वाट आहे.

आमच्या शिपायाचा प्रवास नेमका उलट झाला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या डिव्हिजनच्या नावातच 'पुणे' होते. मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश मृतांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणवार संख्या आली. १९२७ साली फ्रान्समधील नव्ह शापेल येथे उभारलेल्या स्मारकावर हिंदी मृतांची चार हजार सातशेहून अधिक नावे आहेत. तेव्हा नावे कोरणे अशक्य नव्हते. युरोपच्या नजरेआड ते अनावश्यक वाटले. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१च्या अहवालात ही विषमता मान्य केली.

परंतु सारा दोष साम्राज्याच्या माथी मारून मराठी साहित्यव्यवहाराला हात झटकता येणार नाहीत. महाराष्ट्रातील कित्येक गावांत 'या गावातून इतके गेले, इतके मेले' असे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरही आकडेच. त्या आकड्यांमागची नावे गोळा करणे हे आपले काम आहे, असे किती मराठी विभागांना वाटले? 'रणांगण' (१९३९) आम्ही वर्गात शिकवतो आणि तिची थोरवी आम्हाला मान्य आहे. पण ती कादंबरी घडते जहाजावर. खंदकातला मराठी शिपाई आमच्या अभ्यासक्रमाच्या बाहेरच उभा आहे.

'ते परक्यांसाठी लढले, त्यांचे स्मरण कशाला?' हा आक्षेप ठरलेला. स्मरण म्हणजे मुजरा नव्हे. दुष्काळ, कर्ज, जमिनीचे तुकडे यांनी ज्यांना भरतीच्या रांगेत ढकलले, त्यांना वगळून लिहिलेला समाजेतिहास अपुराच राहणार. शिवाय आपली स्मृती पदकापाशीच थांबते. माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. व्हिक्टोरिया क्रॉसमुळे त्यांचे नाव राहिले. माणगावात पुतळा झाला, २०२३ साली इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले गेले. त्यांच्याही देहाला ज्ञात कबर नाही. मग पदक नसलेल्यांचे काय?

आम्ही वसईत शिकवतो. येथील किल्ल्यातल्या चर्चांच्या फरशीवर पोर्तुगीज मृतांची नावे अजून वाचता येतात. १७३९ साली तट चढताना पडलेल्या मराठी शिपायांचे एकही नाव तेथे नाही. चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. सेनापतीला पुतळा आणि शिपायाला आकडा, ही रीत इंग्रजांनी आणलेली नाही.

एम.ए.च्या प्रकल्पांसाठी दरवर्षी तेच चार विषय फिरवण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी गावच्या पाटीपासून आरंभ करावा. पेन्शनचे कागद, पोस्टकार्डे, ट्रंकेच्या तळाशी गेलेली पदके, जात्यावरच्या ओव्या हे सारे मराठी वाङ्मयाचे साधन आहे. त्याची शेवटची वाचणारी पिढी घराघरांतून उठून चालली आहे.