पितळी बक्कल आणि गट नंबर

कमरपट्ट्याची पितळी कडी, मोडकं बक्कल, पट्ट्याच्या टोकाला ठोकलेली पाटी असल्या वस्तू नांगरटीत किंवा विहिरीच्या मातीत वर येतात आणि मोडीत जातात. बोटभर पितळाला मोल ते कसलं, असं वाटणं साहजिक आहे. पण अशा वस्तूचं निम्म्याहून जास्त मोल ती जमिनीच्या कुठल्या गटात सापडली यात असतं, आणि ती जागा लिहून ठेवण्याची सोय महाराष्ट्राने गावोगाव केली पाहिजे. सुरुवात जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीपासून करावी. २०२३ च्या ऑगस्टअखेर इथे सुरू झालेल्या मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणानंतर सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मोडी-उर्दूतली निजामकालीन दप्तरं उघडली गेली. आरक्षणाच्या मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, गाव, नाव आणि साल एकत्र असलेली जुनी नोंद किती बोलते, हे या गावामुळे राज्याला कळलं. मातीतल्या वस्तूला हाच न्याय का नको?

पट्ट्यावरचं धातुकाम क्षुल्लक वाटत असेल तर आपली भाषाच पाहावी. चपराशी हा शब्द चपरास या वस्तूवरून आला. चपरास म्हणजे कचेरीचं नाव कोरलेली, पट्ट्यावर लावायची पितळी पाटी. फारसीतल्या ‘चप-ओ-रास्त’, म्हणजे डावं आणि उजवं, यावरून चपरास हा शब्द आला आणि त्याचा मूळ अर्थ बक्कल, असं कोशकार सांगतात. पट्टेवाला हा शब्दही त्याच घरातला. माणूस कुणाचा, हे आधी त्याच्या पट्ट्यावरून कळे. अशी पाटी शेतात निघाली आणि तिची अक्षरं पुसलेली असली, तरी मागचे खिळे आणि पत्रा यांमधली फट पाहून चामडं किती जाड होतं ते कळतं. कडी कुठल्या बाजूने झिजली यावरून ओढ कुठून बसत होती ते कळतं. ती कमरेची की घोड्याच्या तंगाची, याचा अंदाज जाणकार तिथून बांधतो. कुठून आली, हे मात्र तिच्यावर लिहिलेलं नसतं.

आणि या मुलखात जागेला फार अर्थ आहे. गोदाकाठच्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याचा पाडाव केला. उत्तरेला, अंतरवालीच्याच जालना जिल्ह्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. अशा रणभूमीवर जागेची नोंद काय सांगू शकते, हे अमेरिकेत दिसलं. तिथे लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १८७६ साली लढाई झाली होती. १९८३ मध्ये तिथलं गवत जळून जमीन उघडी पडली, तेव्हा संशोधकांनी काडतुसांच्या एकेका पुंगळीची जागा नकाशावर मांडली आणि कोणती बंदूक कुठून कुठे सरकली याचा माग काढला. त्या पुंगळ्या कुणी आधीच गोळा करून पेटीत भरल्या असत्या, तर त्या नुसत्या पुंगळ्याच राहिल्या असत्या.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा येईल, आणि तो खरा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना जागेसह कळवायला सांगतो. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्याची नजर किमतीवर आहे. बक्कल त्याच्या जाळीतून निसटतं आणि शेतकऱ्याच्या मनात भीती तेवढी उरते. म्हणून नोंद करणाऱ्याची वस्तू जप्त होणार नाही आणि त्याच्या शेतीचं काम थांबणार नाही, हे शासनाने किरकोळ वस्तूंपुरतं लेखी सांगावं. दुसरा आक्षेप गुप्तधन शोधणाऱ्यांबद्दलचा. नोंदींची यादी पाहून ते रात्री शेतं खणतील, ही धास्ती खोटी नाही. ब्रिटनमध्ये १९९७ पासून अशाच सापडलेल्या दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदवल्या गेल्या, त्यांत पट्ट्यांच्या कड्या-बक्कलंही आहेत. तिथे अचूक ठिकाण सगळ्यांना दाखवत नाहीत. आपणही गावाचं नाव उघड ठेवावं, गट नंबर फक्त अभ्यासकाला द्यावा. शिवाय नोंद आपोआप वर आलेल्या वस्तूचीच. मुद्दाम खणलेल्याची नव्हे.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न त्या मानाने सोपा. २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत गट नंबर टाकून उभ्या पिकाचा फोटो स्वतःच्या मोबाइलवरून पाठवतो. त्याच हाताने तो बक्कलाचाही पाठवेल: दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मापाला एक रुपयाचं नाणं, किती खोलीवर निघालं आणि तारीख. फक्त घासून चकचकीत करू नका, एवढं त्याला आधी सांगायला हवं.